जीप माझी, हॉर्न त्याचं

मला उभ्या आयुष्यात एकाच माणसानं फसवलं, आणि तो माझा साडू होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी त्याचं कौतुक करायला लागलो तरी वाचणाऱ्यानं मूळ तक्रार विसरू नये. मी वाशीमच्या बाजारात डोक्यावर वाळल्या मिरच्यांचं गाठोडं घेऊन उभा राहिलेला माणूस. तिथून कापसाचा आणि तुरीचा व्यापारी झालो तो कुणाच्या मेहेरबानीनं नव्हे, जिभेच्या जोरावर. भाव करताना माझा आवाज चढतो, कपाळावरची शीर उडायला लागते, समोरच्याला वाटतं हा आता अंगावर येणार, आणि तेवढ्या अवधीत तो दोन पायऱ्या खाली उतरलेला असतो. अशा रीतीनं मी अडते नमवले, गाडीवान नमवले, माझ्या स्वतःच्या लग्नात वाजंत्र्यांनासुद्धा नमवलं. पण बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा, त्यानं मला अशा सफाईनं बुडवलं की तीन वर्षं मला त्याचा पत्ता नव्हता, आणि पत्ता लागला तेव्हा भांडायला तो जागेवर नव्हता.

आमच्याकडं साडूला साडभाऊ म्हणतात. हा माझा एकट्याचा साडभाऊ. पण रिसोडपासून अनसिंगपर्यंत आणि इकडं मालेगावपर्यंत जेवढी खेडी आहेत त्या सगळ्यांनी त्याला साडभाऊच करून टाकलं होतं. म्हातारेकोतारे त्याला साडभाऊ म्हणत, लेकी-सुना साडभाऊ म्हणत, आणि एका गावच्या पाटलानं तर त्याला साडभाऊ म्हणून माझ्याकडं बोट दाखवून विचारलं होतं, "अन् हे कोन हायेत बाप्पा?" वयानं तो माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. तोंडावर मी त्याला 'तुमी' म्हणायचो. पाठीमागं 'तो' म्हणतो, कारण माझा राग अजून गेलेला नाही.

लढाई संपल्यावर लष्करानं टाकलेल्या जीपगाड्यांचा लिलाव झाला, त्यातली एक फिरत फिरत माझ्या दाराशी आली. घेतली मी, पण हाकणार कोण? साडभाऊ लढाईत लष्कराच्या मोटारी हाकून आला होता आणि अनसिंगजवळच्या आपल्या गावी चार एकर शेतात बैलांना लष्करी हुकूम देत होता. मी त्याला बोलावलं. माझ्या अंगणातल्या निंबाखाली सकाळी पगाराचं बोलणं सुरू झालं ते ऊन डोक्यावर येईपर्यंत चाललं. मी शीर उडवली, आवाज चढवला, दोनदा उठून घरात गेलो, एकदा तर त्यालाच उठवून लावलं. तो शांतपणे सुपारी कातरत बसला होता. शेवटी म्हणाला, "बरं भाऊ, तुमी म्हनता थेच. माहं एकच म्हननं हाये. जीप तुमची, हारन माहं."

मी हसलो. चार चाकांची गाडी माझी आणि एक पत्र्याचं भांडं याचं! मी मांडीवर थाप मारली आणि म्हणालो, "झालं!" त्या दिवशी जेवताना मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. साडभाऊनं जेवायच्या आधी बॉनेट उघडलं, हॉर्न सोडवलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, आणि उलटं फिरवून तोंड खाली करून पुन्हा बसवलं. "पालथं निजलं म्हंजे त्याच्या नाकातोंडात पानी राह्यत नाई," तो म्हणाला. एवढं साधं लष्करातल्या कुणाला सुचलं नव्हतं, की त्यानं तिथंच शिकून आणलं होतं, देव जाणे.

कापूस-तुरीची खरेदी म्हणजे दसऱ्यापासून पुढचे चार महिने. तेव्हा आमच्या काळ्या मातीत पाऊस थांबला तरी चिखल थांबत नाही. गाडीवाटा गुडघाभर खचलेल्या, दर दीड कोसावर एक नाला, आणि पूल हा शब्द फक्त निवडणुकीत ऐकायचा. माणसं दिवसभर शेतात असत. गावात जाऊन हाका मारल्या तर ओट्यावरचं कुत्रं तेवढं उठे. म्हणून हॉर्न. गावाच्या शिवेवर हॉर्न वाजलं की चारी दिशांच्या शेतांत कळायचं, खरेदीवाला आला; आणि जो पहिला वाजला त्याच्या काट्यावर पहिला माल. माझा धंदा त्या पत्र्याच्या भांड्यावर चालतो हे मला समजायला एक हंगाम लागला. साडभाऊला ते निंबाखालीच समजलं होतं.

हॉर्नचा तो असा मालक होता की तसा मालक मी माझ्या घराचाही नव्हतो. वाटेत गुरांचा कळप आडवा आला तर तो हॉर्न वाजवायचा नाही. खाली उतरून एकेका गाईच्या पाठीवर हात ठेवून तिला बाजूला घ्यायचा. मी आत बसून चडफडायचो. "साडभाऊ, वाजवा की! कायले ठेवलं थे?" तर तो म्हणे, "थे बोलन्याकरता हाये भाऊ, भुकन्याकरता नाई." नाला ओलांडला की मात्र लगेच, तिथल्या तिथं, चिखल वाळायच्या आत त्याला हॉर्न धुवायचं असे. आणि तेही नाल्याच्या गढूळ पाण्यानं नव्हे, पहिल्या घरी थांबून मागितलेल्या प्यायच्या पाण्यानं. बाया तांब्या घेऊन लगबगीनं बाहेर येत, गाडीत कुणाला घेरी आली म्हणून. आणि हा त्यांच्यासमोर ते पाणी हॉर्नच्या तोंडात ओतून, हलवून, उपडं करून काढायचा. एका बाईनं कपाळाला हात लावला. "आमी अर्ध्या कोसावरून पानी आनतो अन् तुमी डब्बे धुता का जी?" साडभाऊ गंभीरपणे म्हणाला, "माय, त्याच्या पोटात गाळ गेला हाये. वाळला का मंग थे जन्माचं मुकं." बाईनं दुसरा तांब्या आणून दिला. पुढं त्या घरी आमची जीप थांबली की आधी हॉर्नला पाणी यायचं आणि मग मला.

धुतल्यावर तो ते सुपात घालून कोवळ्या उन्हात ठेवायचा, चुलीजवळ कधीच नाही. विस्तवानं आतली पातळ चकती रुसते असं त्याचं म्हणणं. मग मागचं झाकण काढून आतले दोन ठिपक्याएवढे पॉइंट काचकागदानं घासायचा. घासताना श्वास रोखून धरायचा आणि मलाही धरायला लावायचा. शेवटी मागचा स्क्रू केसभर इकडं, केसभर तिकडं फिरवून आवाज लावायचा, एखादा तंबोरा लावावा तसा. आवाज जमला की त्याच्या तोंडावर जे समाधान दिसे ते मी कापसाचा भाव चढल्यावर भल्याभल्यांच्या तोंडावर पाहिलेलं नाही.

आता पोळ्याची गोष्ट सांगितली पाहिजे. मालेगावला एका ओट्यावर आम्ही चहा पीत बसलो असताना तिथल्या शाळेच्या मास्तरांनी सहज सांगितलं की इंग्रजीत हॉर्न म्हणजे शिंग. झालं. साडभाऊ तिथून वाशीमपर्यंत एक अक्षर बोलला नाही. मला वाटलं पोट बिघडलं. चार दिवसांनी पोळ्याचा आदला दिवस होता. त्या संध्याकाळी बैलांना धुऊन त्यांच्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि कानात दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. मी अंगणात आलो तर जीप धुतलेली, पाटावर हॉर्न मांडलेलं, आणि साडभाऊ पळसाच्या पानानं त्याला तूप-हळद चोळतो आहे. बाहेरून चोळली, तारांच्या जोडांवर चोळली, मागचं झाकण काढून आतही चोळली. मी ओरडलो, "साडभाऊ, याड लागलं का? थे लोखंड हाये!" तो म्हणाला, "मास्तर म्हनले शिंग हाये. इंग्रजानं उगाच नाव ठेवलं असंन का? ज्यानं बनवलं त्याले ठाऊक नाई अन् तुमाले ठाऊक हाये?" मग हॉर्नच्या तोंडाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." माझी बायको दारात उभी राहून पदरात हसत होती. मी रागानं आत गेलो, पण दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा घास जीपपुढं ठेवलेला मी पाहिला आणि काही बोललो नाही. सणाच्या दिवशी कोण बोलतं?

तिसऱ्या दिवशी हॉर्नमध्ये मुंगळे झाले. बटण दाबलं तर आतून खोकला झालेल्या बकरीसारखा आवाज यायचा. मी म्हणालो, "जेवाले बोलावलं होतं नं? हे पाहुने आले." साडभाऊ खाली मान घालून दिवसभर मुंगळे काढत बसला, पॉइंट घासत बसला. आणि संध्याकाळी त्याचे डोळे चमकले. "भाऊ, इकडे पाह्या!" त्यानं मला तारेचा जोड दाखवला. त्या तीन दिवसांत दोन पाऊस पडले होते, जीप उघड्यावर होती, आणि जिथं जिथं तूप होतं तिथं पाण्याचा थेंब शिरला नव्हता, गंज नव्हता. आत तूप गेलं ते चुकलं, बाहेर लागलं ते बरोबर होतं. त्या दिवसापासून जोडांवर मेण आणि वंगण एकत्र करून जाड लेप, आणि आतले पॉइंट कोरडे ठणठणीत. ही त्याची रीत झाली. पोळ्याला मात्र तूप-हळदच, बाहेरून. चुकून का होईना, शिंगानंच त्याला शिकवलं होतं, आणि तो उपकार विसरणारा नव्हता.

त्याचं मोल मला खरं कळलं ते पैनगंगेच्या उतारावर. रिसोडच्या एका व्यापाऱ्यानंही जीप घेतली होती, आणि पलीकडच्या गावी कापूस फुटला आहे ही बातमी आम्हा दोघांना एकाच सकाळी लागली. उतारावर पोचलो तर त्याची जीप पाण्यात उतरलेली. पाणी चांगलं बॉनेटला लागत होतं. मी म्हणालो, "साडभाऊ, घाला!" साडभाऊनं ब्रेक लावला. खाली उतरला, बॉनेट उघडलं, हॉर्न सोडवलं. त्यासाठी त्यानं हातानं फिरणारे नट मुद्दाम बसवून घेतले होते. हॉर्न फेट्यात गुंडाळून डोक्यावर बांधलं, आणि जीप मला राखायला देऊन चालत नदीत उतरला. मी काठावरून ओरडत होतो. त्याच्या आईवडिलांपासून माझ्या सासऱ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. "थो पुढे गेला साडभाऊ! थो पोचला!" नदीच्या मध्यावरून साडभाऊ मागं न बघता म्हणाला, "जाऊ द्या. थो जाऊन राह्यला, पन मुका जाऊन राह्यला."

पलीकडच्या दरडीवर एका उंच दगडावर त्यानं हॉर्न ठेवलं, परत आला, जीप पार केली. चढताना जीप घसरली, तिचा धक्का दगडाला लागला आणि हॉर्न गडगडत खाली आलं. त्याच्या काठाला बोटभर पोचा पडला. साडभाऊनं ते उचलून छातीशी धरलं, आणि माझ्याकडं असं पाहिलं की तो पोचा जणू मीच पाडला. मग बसवलं, जोडांना लेप लावला. इतका वेळ गेला की माझ्या शिव्या संपल्या. गावाच्या शिवेवर आलो तर रिसोडकर जीपवर उभा राहून दोन्ही हातांचा कर्णा करून बोंबलत होता, आणि त्याच्याभोवती तीन शेळ्या आणि एक आंधळा म्हातारा. साडभाऊनं बटण दाबलं. त्या आवाजाचं वर्णन मी काय करू? भरदार, खालच्या पट्टीतला, दूरपर्यंत लोळत जाणारा. पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळींतून डोकी वर झाली. कुठून तरी एक बाई ओरडली, "साडभाऊची जीप आली वं!" माझी जीप, माझा काटा, माझा व्यापार, आणि जीप साडभाऊची! पण खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझी छाती अशी फुगली होती की सदऱ्याची गुंडी तुटली. रिसोडकर माझ्याकडं पाहत होता आणि मी त्याला सांगितलं, "आमचे साडभाऊ हायेत."

त्या दिवसापासून मी हॉर्न विकत मागायला लागलो. जे दुसऱ्याचं आहे आणि माझ्या जीपवर आहे ते मला सहन होईना. मी दुभती म्हैस देऊ केली. शेताला लागून असलेला बांध देऊ केला. तो सुपारी कातरत म्हणे, "इकाचं नाई भाऊ."

चार हंगाम असे गेले. मग एका दिवशी जीप उभी करून तो म्हणाला, "भाऊ, आता मले दोन नाले दिसून राह्यले. खरा कोनता अन् खोटा कोनता, समजत नाई. गाडी दुसऱ्याले द्या." डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. एखाद्या भल्या माणसानं त्याला जवळ बसवून घेतलं असतं. मी भडकलो. मी म्हणालो, ऐन दसऱ्याच्या तोंडावर सोडून चालला, रिसोडकरानं फोडला दिसतो. त्यानं बॉनेट उघडलं, हॉर्न काढलं. मी म्हणालो, "हो, घेऊन जा तुमचं शिंग! माहं काई अडत नाई!" तो फेट्यात हॉर्न गुंडाळून चालायला लागला. मी दारातून पाहत राहिलो, पण हाक मारली नाही.

माझं अडलं की नाही हे विचारू नका. बाजारातून आणलेलं हॉर्न पहिल्याच नाल्यात मुकं झालं. आठव्या दिवशी साडभाऊ कुणाच्या तरी छकड्यात बसून माझ्या दारी आला. फडक्यात एक काळंकुळकुळीत, ताजा रंग दिलेलं हॉर्न. "लष्करातल्या दोस्तानं देल्लं. नवं हाये. पाह्याचं का?" मी वाजवून पाहिलं. आवाज जरा पातळ, पण खणखणीत. मी तोंड वाकडं केलं आणि विचारलं, काय घ्याल? तो म्हणाला, नव्या वहाणांचा जोड. मी त्याच्या पायांकडं पाहिलं. वहाणा खरंच झिजल्या होत्या. आणि मी भाव सुरू केला. शीर उडवली, आत गेलो, बाहेर आलो. नव्या वहाणांवरून त्याला जुन्याच वहाणांना नवा तळ लावून देण्यावर आणलं. तो म्हणाला, "बरं भाऊ, तुमी म्हनता थेच." मी जिंकलो. आता हॉर्न माझं होतं. त्यानं आपल्या हातानं ते पालथं बसवून दिलं, आणि जुनं, माझं बाजारातलं मुकं पत्रं, तेवढं मागून घेऊन गेला.

त्यानंतर तीन हंगाम ते हॉर्न एकदाही थांबलं नाही. मी चारचौघांत सांगायचो, साडभाऊ उगाच थाट करत होता, नवा माल असला की सगळं चालतं. अर्थात नाला ओलांडला की मी त्याला प्यायच्या पाण्यानं धूत असे, सुपात वाळवत असे, पॉइंट घासताना श्वास रोखून धरत असे. पण हे कुणाला सांगत नव्हतो. दर पोळ्याच्या आदल्या दिवशी साडभाऊ अनसिंगहून यायचा. डोळ्यांना दिसत नसे, तरी चाचपडत बॉनेट उघडायचा, तूप-हळद चोळायचा आणि आवतण द्यायचा. मी टोमणा मारी, "आता थे माहं हाये. तुमी कायले येता?" तो म्हणे, "नवं हाये भाऊ, लाजते. मी सांगतलं म्हंजे जेवीन." मग माझ्याकडं जेवून, माझ्या बायकोशी चार गोष्टी बोलून जायचा. हॉर्नसाठी येतो असं मी समजत होतो.

गेल्या उन्हाळ्यात साडभाऊ गेला. पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधी आम्ही नवरा-बायको त्याच्या घरी गेलो तेव्हा बायकोच्या थोरल्या बहिणीनं गोठ्यातल्या खुंटीवरचं हॉर्न काढून माझ्या हातात दिलं. "घेऊन जा. तुमचा लय जीव होता याच्यावर." मी ते मांडीवर घेऊन वाशीमला आलो. पैनगंगेवरचं हॉर्न शेवटी माझ्या हाती आलं होतं, तेही फुकट. अंगणात जीपवर जोडलं आणि बटण दाबलं. ते मुकं होतं. उलटून पाहिलं. काठाला पोचा नव्हता. हळदीचा कणही नव्हता. ते माझंच बाजारातलं पत्रं होतं.

मी जीपवरचं 'नवं' हॉर्न पुन्हा हातात घेतलं आणि काठावरचा काळा रंग चाकूनं खरवडला. खाली कसला तरी लेप भरून सपाट केलेला बोटभर पोचा निघाला. मागची पट्टी सैल केली, तर तिच्या खाचेत, काळ्या रंगाच्याही खाली, जुन्या पोळ्यांची पिवळी हळद. मग माझं लक्ष मागच्या स्क्रूकडं गेलं. मी हॉर्न जोडलं, स्क्रू केसभर मागं फिरवला, आणि बटण दाबलं. तोच आवाज. भरदार, खालच्या पट्टीतला, अंगणातून पार रस्त्यावर लोळत गेलेला. चुलीपाशी बसलेली माझी बायको पिठाचे हात घेऊन धावत बाहेर आली. "भाऊजी आले का?" असं विचारलं तिनं, आणि मग जीपपाशी मला एकट्याला पाहून दारातच उभी राहिली.

म्हणजे मी जिंकलो त्या दिवशी हरलो होतो. देऊ केलं असतं तर मी घेतलं नसतं, आणि मागायला माझी मान खाली झाली नसती, हे ओळखून त्यानं आपला जीव रंग फासून मला विकला, आणि झिजल्या वहाणांना नुसता तळ लावून घेतला. असा सौदा कुणी करतं का? नव्या वहाणांचा जोड मी करून आणला आहे. तो जीपमध्ये, त्याच्या जागेखाली ठेवला आहे. घालणारा नाही. तेव्हा साडभाऊ, ऐका. निंबाखाली तोंडानं ठरलं होतं, जीप माझी, हॉर्न तुमचं. मग तुमचं हॉर्न माझ्या जीपवर काहून? मी भल्याभल्यांकडून जाब घेतलेला माणूस आहे, तुम्हाला असा सोडणार नाही. आज पोळ्याचा आदला दिवस आहे. तूप कढवून ठेवलं आहे, हळद काढली आहे. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. अन् आल्यावर आधी मले याचं उत्तर द्या.